पौषातील बाजार : बहिरम आणि ऋणमोचन

वैशाखाच्या उकाड्यात, पंख्याखाली बसूनही घाम पुसावा लागतो अशा वेळी, मी आपणांस पौषातल्या थंडीत घेऊन जाणार आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'वऱ्हाडातील हिवाळी जत्रा' एवढेच सांगितले. त्यावर एका स्नेह्यांनी विचारले, "यात इतिहास कोठे आला?" प्रश्न रास्त होता. अचलपूरच्या इमादशाहीचा इतिहास आहे, गाविलगडचा आहे, कापसाच्या व्यापाराचाही बराच लिहिला गेला आहे. पण बहिरमच्या जत्रेत मातीची हंडी विकत घेणाऱ्या कास्तकाराचा इतिहास कोण लिहिणार आणि कशावरून लिहिणार? माझे म्हणणे असे की, तो लिहिता येतो, आणि तो लिहिल्यावाचून कापसाचा इतिहासही पुरा होत नाही. कापूस विकून आलेला पैसा कास्तकाराच्या मुठीत किती दिवस राहिला आणि तेथून तो कोठे गेला, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने पौषातल्या जत्रेत जाऊन उभे राहिले पाहिजे.

जत्रा पौषातच का भरते, ते प्रथम पाहू. मृगात पेरलेली पऱ्हाटी दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटू लागते. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य होतो, त्याला आपल्याकडे सीतादही म्हणतात. तेथून पुढे एक वेचा, दुसरा वेचा असे करीत उलंगवाडीपर्यंत, म्हणजे झाडावर बोंड उरत नाही तोपर्यंत, काम चालते. मार्गशीर्ष संपता संपता ज्वारीची कणसे खुडून खळ्यावर आलेली असतात, कापसाच्या एक-दोन गाड्या बाजारात जाऊन रिकाम्या होऊन आलेल्या असतात. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बंडीचे चाक आसापर्यंत रुतते. पौषात तीच वाट लोखंडासारखी टणक होते. पूर्णेचे पाणी उताराजोगे होते. बैलांना काम कमी, माणसांना थोडी उसंत. त्यात पौष हा लग्नकार्याला वर्ज्य महिना, तेव्हा वऱ्हाड घेऊन कोठे जावयाचे नसते. घरात धान्य, हातात चार पैसे, वाट कोरडी आणि महिना भाकड. जत्रेला याहून चांगला मुहूर्त कोणत्या पंचांगाने काढून दिला असता?

आठवडी बाजार आणि जत्रा यांत आपण शहरातली माणसे फरक करीत नाही. खेड्यातल्या माणसाला तो पक्का ठाऊक असतो. आठवडी बाजारात मीठ, मिरची, तेल, रॉकेल घ्यावयाचे. ते घेतल्यावाचून आठवडा जात नाही. जत्रेत जे घ्यावयाचे ते वर्षातून एकदा घ्यावयाचे असते: घोंगडी, वखराची पास, तिफणीचे लाकूड, बैलाच्या गळ्यातील घुंगुरमाळ, लेकीला बांगड्या, आणि वर्षभर फुटणार नाही अशी आशा धरून घेतलेली हंडी. आठवडी बाजाराला घरातील एक माणूस जातो, जत्रेला बंडीभर माणसे जातात.

बहिरमची जागा पाहिली म्हणजे या बाजाराचा आणखी एक उलगडा होतो. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या वाटेवर, चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी हे ठाणे आहे. मागे डोंगर, पुढे वऱ्हाडचे सपाट मैदान. भैरवाचा बहिरम कसा झाला हे भाषाशास्त्रज्ञांना विचारावयास नको. आपल्या आयाबायांच्या तोंडून तो रोज होताना आपण ऐकतो. देवाला शेंदूर आणि लोणी. गवळ्यांचा आणि गुराख्यांचा हा देव असावा, अशी लोण्यावरून माझी समजूत आहे. डोंगरातून उतरणारा कोरकू मध, डिंक, चारोळी आणि बांबू घेऊन येणार, आणि मैदानातून जाणारा कुणबी, माळी, तेली धान्य आणि कापडाचे पैसे घेऊन येणार. दोघांना एकमेकांची गाठ घेण्यास सोयीची जागा हीच. डोंगर आणि मैदान जेथे मिळतात तेथे बाजार बसतो आणि बाजार बसतो तेथे देव जागता होतो, की याच्या उलट, हा वाद मी आज मिटवीत नाही.

ही जत्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते. एवढी लांबलेली जत्रा महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. पूर्वी लोक बंड्या सोडून राहुट्या ठोकीत आणि आठ-आठ दिवस मुक्काम करीत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी मातीच्या हंडीत शिजविलेले मटण, हा बहिरमचा स्वयंपाक अजूनही तसाच चालू आहे. तमाशाचे फड एके काळी रात्र रात्र रंगत. ते आता बंद झाले. काहींना याची हळहळ वाटते. मला फारशी वाटत नाही, पण त्या फडांबरोबर पोट भरणाऱ्या ढोलकीवाल्यांचे पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही, याची वाटते.

आता कापसाकडे वळू. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा माल बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैलांवर, थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. परत येताना तांडे मीठ आणि इतर माल आणीत. १८०३ साली वेलस्लीच्या फौजा आडगावची लढाई आटोपून गाविलगडावर चालून गेल्या, तेव्हा त्यांच्याही दाणागोट्याची मदार अशाच तांड्यांवर होती. गड पडला तो १५ डिसेंबरला, म्हणजे ज्या दिवसांत आज बहिरमला राहुट्यांचे खांब रोवले जातात त्याच दिवसांत. फौजेची वाट, तांड्याची वाट आणि जत्रेची वाट या तीन वाटा नव्हत्या. ज्याला कोरडी जमीन आणि शेतातला चारा हवा तो हिवाळ्यातच निघणार.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमची पऱ्हाटी आठवली. भाव असे चढले की खामगाव, अकोला, अमरावती येथील पेठांचे रूप पालटले. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. तोवर युद्ध संपले होते आणि भावही उतरले होते. पण एक गोष्ट कायमची बदलून गेली. ज्वारी पेरणारा शेतकरी घरी खाऊन उरलेले विकीत असे. कापूस पेरणारा सगळाच विकतो, कारण कापूस खाता येत नाही. वर्षातून एकदा, दोन-अडीच महिन्यांच्या अवधीत, त्याच्या हातात रोकड येऊ लागली. त्याच सुमारास झालेल्या नव्या जमीनमोजणीने शेत त्याच्या नावावर झाले. नावावर झाले म्हणजे ते गहाण टाकता येऊ लागले, विकता येऊ लागले, आणि दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याने जप्तही होऊ लागले. रोकड आणि गहाणखत ही दोन्ही वऱ्हाडात जवळजवळ एकाच बंडीत बसून आली.

कापसाच्या पेठेत त्या रोकडीला किती तोंडे फुटत ते वृद्ध माणसे अजून सांगतात. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव. आणि माल जिनात उतरला की "ओला आहे" म्हणून कापलेली रक्कम. यावर काही बंधन असावे म्हणून १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याच्या बाजारास नियम लागू झाले, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा आरंभ येथून धरतात, आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. परंतु त्या बाजार-समित्यांवर भरणा व्यापाऱ्यांचा असे. ज्याचा माल त्याचा आवाज तेथे नव्हता. १८९७ च्याच डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. चेट्टूर शंकरन नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. दुष्काळाचे वर्ष नुकतेच सरले होते. शहरात मंडप उभा होता आणि इकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जत्रेचे दिवस होते. दोन्हीकडे गर्दी, पण या गर्दीची त्या गर्दीशी ओळख झाली नव्हती.

दोनच वर्षांनी १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ साली २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढावयाची ती घटली. या दशकाकडे पाहिल्यावाचून ऋणमोचनच्या जत्रेचा अर्थ लागत नाही, म्हणून हा सारा पाल्हाळ.

ऋणमोचन हे भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी आहे. काठावर मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. पौषातील रविवार सूर्याच्या उपासनेचे, आणि त्या रविवारी येथे स्नानाला यात्रा भरते. शास्त्रीबुवा सांगतील की ऋण म्हणजे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. सांगोत बापडे. पूर्णेच्या चिखलातून कमरेएवढ्या पाण्यात उतरणाऱ्या कास्तकाराच्या मनात चौथे ऋण असे आणि ते सर्वांत जड असे. वर्षभराचा कापूस तोलून आठ दिवस झालेले, सावकाराचा माणूस वाड्यावर येऊन गेलेला, आणि आज ज्या गावाचे नावच कर्जातून सोडविणारे, त्या गावी बुडी मारावयाची. यातला भाव समजण्यास संस्कृत येण्याची गरज नाही.

या जत्रेत एक तरुण परीट येत असे. त्याचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६ सालचा, गाव अंजनगाव सुर्जीकडील शेंडगाव. बाप दारूने गेला. आईबरोबर तो आजोळी, मुर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी वाढला, गुरे राखली, शेती केली. पुढे मामांची जमीन सावकाराच्या कर्जाच्या कागदांत गुंतली. देणे दिल्यावरही कागदावर ते शिल्लकच राहिले, आणि त्या धक्क्याने मामा खचून गेले, असे चरित्रकार सांगतात. सावकार माणसे घेऊन शेताचा ताबा घ्यावयास आला तेव्हा औत धरून उभा असलेला हा तरुण बाजूला झाला नाही. मुलीच्या बारशाला दारू-मटणाच्या जेवणाऐवजी त्याने गोडाचे जेवण घातले आणि भाऊबंदांची नाराजी ओढवून घेतली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. हातात खराटा आणि गाडगे. आपण त्यांना गाडगेबाबा म्हणतो.

घर सोडल्यावर ते हिमालयात गेले नाहीत. ते ऋणमोचनच्या जत्रेत परत आले, आणि दर वर्षी येत राहिले. नदीचा काठ निसरडा होता, म्हाताऱ्या माणसांना पाण्यापर्यंत उतरता येत नसे. १९०८ च्या सुमारास तेथे घाट बांधण्याचे काम त्यांनी उभे केले. आंधळ्या-पांगळ्यांना जेवण घालण्याचा परिपाठ पाडला. दिवसा जत्रेची घाण झाडावयाची आणि रात्री कीर्तन करावयाचे. त्या कीर्तनांचे विषय शहरातील विद्वानांना फार साधे वाटत: दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला, कर्ज काढून सण-समारंभ करू नका. पण ते कोठे बोलत होते ते पाहा. जेथे महिन्या-पंधरा दिवसांत कास्तकाराची वर्षाची रोकड दहा हातांत वाटली जाते, अगदी त्या ठिकाणी, त्याच रात्री, पैसा अजून कनवटीला असताना ते बोलत होते. बाजार-समितीला जे सुचले नव्हते ते या अक्षरशत्रू माणसाला सुचले. बाजाराचा नियम करावयाचा तर तो मालाच्या काट्यावर करून भागत नाही, खर्चाच्या तोंडाशीही कोणी तरी उभे राहावे लागते.

येथे माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी आजोबांची एक वही आहे, १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांतली. अक्षर वळणदार, मोडीची सवय असलेले. पौषाच्या पानावर जत्रेचा खर्च मांडला आहे: हंड्या, घोंगडी एक, वखराची पास, बांगड्या, पोरांस खाऊ, देवास नारळ. रकमा सांगत नाही, आज ऐकून हसू येईल. पण त्याच्याच वर दोन ओळी आहेत. कापसाचे जे आले ते सावकारास दिले; आणि तीन दिवसांनी त्याच सावकाराकडून जत्रेकरिता परत उसने घेतले. म्हणजे घोंगडीची किंमत दुकानदाराला एकदा दिली, आणि व्याजाच्या रूपाने सावकाराला किती वेळा दिली असेल ते वहीत नाही.

हे पान मी कॉलेजात असताना प्रथम वाचले आणि आजोबांचा राग आला. पुढे राग गेला. यादी परत वाचली तेव्हा दिसले की बांगड्या आणि खाऊ सोडला तर यात चैन कोठेच नाही. पास नसेल तर वखर चालणार नाही. घोंगडी नसेल तर ओलिताला आणि जागलीला रात्री कोण जाणार? इंग्रज अंमलदार कुणब्याच्या उधळेपणावर पानेच्या पाने लिहीत. पण पुणे-नगरकडे १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानेच नमूद केले की, लग्न-सणांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीहून अधिक महत्त्व दिले गेले आहे. आजोबांना बुडविले ते जत्रेने नाही. कापसाचे भाव अर्ध्यावर आले आणि सारा होता तसाच राहिला, त्याने बुडविले.

मग गाडगेबाबांचे सांगणे चुकीचे होते काय? या प्रश्नाशी मी पुष्कळ वर्षे अडखळलो. आज माझे मत असे की, बाबांचे आणि त्या चौकशी-मंडळाचे म्हणणे एकमेकांच्या विरुद्ध नाही. भाव अमेरिकेत आणि लिव्हरपुलात ठरत होता, पाऊस आभाळात ठरत होता, सारा सरकार ठरवीत होते. कास्तकाराच्या स्वतःच्या हाताखाली वर्षातला एकच निर्णय उरला होता, तो म्हणजे पौषातला खर्च. बाबांनी त्या एका निर्णयावर बोट ठेवले. आणि त्यांनी जत्रेला जाऊ नका असे म्हटले नाही. ते स्वतः जत्रेत आधी येऊन झाडू लागत. कर्ज काढून येऊ नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

बहिरमलाही त्यांच्या शिकवणुकीचा परिणाम झाला. देवापुढे नवसाचे बकरे कापण्याची चाल तेथे जुनी होती. ती बंद पडली. राहुटीतली हंडी मात्र बंद पडली नाही. देवाच्या नावाने होणारे थांबले, जिभेसाठी होणारे चालू राहिले. बाबा स्वतः असते तर हसले असते की रागावले असते, सांगता येत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, त्यांनी देह ठेवला. बहिरमची जत्रा उभी राहण्याचेच ते दिवस होते.

त्यानंतरचा काळ आपण पाहिलाच आहे, त्यावर थोडेच बोलतो. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली आणि सुमारे तीन दशके चालली. भावाची हमी मिळाली, पण पैसे हप्त्यांनी मिळू लागले. पौषात रोकड हातात पडेलच असे राहिले नाही. पुढे सोयाबीन आले. ते दसरा-दिवाळीलाच निघते, त्याचे पैसे बियाण्याचे, औषधाचे आणि शाळेच्या फीचे देणे भागविण्यात जातात. १९९० नंतरच्या वर्षांत वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ऋणमोचन हे गावाचे नाव तेव्हा मला उच्चारवत नसे. तळेगाव दशासरचा शंकरपट, जेथे बायाही बैलजोडी हाकतात, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा सुरू झाला. मुर्तिजापूरहून अचलपुरास जाणारी छोटी गाडी, जिच्या डब्यांतून अकोल्याकडची माणसे दर्यापूर-अंजनगाववरून या मुलखात उतरत, ती आता धावत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी बहिरमला गेलो होतो. बंड्या जवळजवळ नाहीतच, मोटारी फार. राहुट्यांच्या जागी मांडव आहेत. हंड्यांची रांग मात्र पूर्वीसारखीच रस्त्याच्या कडेने लागली होती. एका कुंभारणीपाशी एक म्हातारा हंडी बोटाने वाजवून पाहत होता. ती म्हणाली, "बाबाजी, पक्की हाय, घ्या." त्याने दुसरी वाजविली, तिसरी वाजविली. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून मेणकापडाची पिशवी काढली, नोटा मोजल्या, एक परत आत ठेवली, आणि पहिलीच हंडी घेतली.